पडदे धुवायचा आठवडा

थोरलीच्या बोटांना लसणाचा वास लागला, त्याला आता नऊ आठवडे झाले होते. साबण झाला, लिंबू झालं, कॉफीची पूड चोळून झाली. वास हलायचं नाव घेईना. घरजावयासारखा ठाण मांडून बसला होता. शहरातल्या छापखान्याकडून तिच्याकडे मुद्रितं तपासायला येत. तपासून परत पाठवली की तिकडून फोन येई, "ताई, चुका सगळ्या वेचून काढल्यात, झकास. फक्त कागद हातात घेतला की भूक लागते."

"आणि माझ्या घराला वास येतो त्याचं काय?" आई स्वयंपाकघरातून आवाज द्यायची. "पडदे बघ. गाद्या बघ. परवा माझ्या चष्म्याची डबी उघडली तर तिच्यातूनही लसूण. चष्म्याला कशाला हवी गं रोगप्रतिकारशक्ती?"

लसूण माशांसाठी होता. घरामागे बाबांची दोन तळी होती, एक मोठं आणि एक जरा लहान, मधे बांध. त्यांत ते कार्प मासे वाढवत. मासा आजारी पडल्यावर तळ्यात औषध ओतत बसण्यापेक्षा तो आजारी पडू नये म्हणून आधीच त्याला नीट खायला घालावं, हे बाबांचं साधं म्हणणं. त्यासाठी त्यांनी एक मिश्रण बसवलं होतं. बेकरीतून आणलेलं यीस्ट, ठेचलेला लसूण, क जीवनसत्त्वाची पूड, आणि हे सगळं खाद्याच्या दाण्यांना धरून राहावं म्हणून वरून तेल. तेल घातलं नाही तर पूड पाण्यात धुऊन जाते, मासे नुसते दाणे खातात आणि तळं तेवढं धडधाकट होतं, असं ते म्हणत. घरात या मिश्रणाला 'मसाला' हेच नाव होतं. त्याचं माप त्यांनी एका पुठ्ठ्यावर ग्रॅमसकट लिहून खाद्याच्या खोलीत टांगून ठेवलं होतं. शेवटी अधोरेखित वाक्य: 'सावलीत वाळवणे, उन्हात नाही.'

अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी खाद्य टाकून झाल्यावर बाबा बांधावर टेकले, आणि मग उठले नाहीत. शेजारी बादली होती, रिकामी. थोरलीला ती बादली रिकामी होती याचंच पुढे कितीतरी दिवस बरं वाटत राहिलं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

पहिले दहा दिवस शेजारच्या टोपीकाकांनी दोन्ही तळ्यांना साधं खाद्य टाकलं. पलीकडची चार तळी त्यांची. त्यांच्या डोक्यावरची टोपी ऊन असो, ढग असो, जागची हलत नसे. बाबा गेले त्या दिवशी तेवढी त्यांनी ती काढून हातात धरली, तर आईने रडता रडता त्यांना विचारलं, "आपण कोण?"

मग एका दुपारी आईने थोरलीला समोर बसवलं.

"तुझ्या भावाचं म्हणणं आहे, तळी टोपीकाकांना चालवायला देऊन टाकावी. माणूस भला आहे, पाण्यातला आहे. आपलं दोघींचं हे काम नव्हे."

"आणि तुझं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं, मला मासे दिसत नाहीत, तूच दिसतेस. दिवसभर त्या बांधावर." आईने टेबलावरचा नसलेला कण पुसला. "तरी एक खेप बघू. हे जे मासे ह्यांनी सोडलेत ते थंडीतून नीट निघाले, तर तळी आपल्याकडे. रोग शिरला, मासे गेले, तर काकांच्या हवाली. नंतर डोळ्यांत पाणी आणून मला विरघळवायचं नाही."

"कबूल," थोरली म्हणाली.

थंडीची ती सुरुवातच या धंद्यात सगळ्यांच्या जिवाला घोर लावते. पाणी गार झालं की माशांचं अंग सुस्तावतं, आणि नेमके त्याच वेळी त्यांच्या अंगावर लाल चट्टे उठतात. एका तळ्यात उठले की पुढच्या तळ्यात जायला फार दिवस लागत नाहीत. बाबांच्या तळ्यांत गेली कित्येक वर्षं फारसे चट्टे उठले नव्हते. टोपीकाका याला नशीब म्हणत. बाबा मसाला म्हणत.

थोरलीने मसाल्यावर विश्वास टाकला आणि कंबर कसली.

पुठ्ठ्यावर माप होतं. किती दिवस द्यायचं ते नव्हतं. ते तिला खाद्याच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला सापडलं. सगळ्यात वर खडूने मासे तळ्यात सोडल्याची तारीख, आणि तिच्याखाली उभ्या रेघा. सात रेघा, मग बोटभर जागा. पुन्हा सात, पुन्हा जागा. अगदी खाली, कमरेच्या उंचीवर, शेवटच्या जुडग्यात चारच रेघा होत्या.

वाचायची जिला सवय असते तिला समोर आलेलं वाचून टाकल्याशिवाय राहवत नाही. सात रेघा म्हणजे आठवडा. मोकळी जागा म्हणजे आठवडा संपला. अर्थ लख्ख होता. तिने बिजागरीशी ठेवलेला खडूचा तुकडा उचलला, आणि चार रेघांच्या शेजारी पाचवी ओढली. ती बाबांच्या रेघांपेक्षा जरा वाकडी आली.

तेव्हापासून रोज सकाळी उठून पाऊण किलो लसूण सोलायचा, ठेचायचा, यीस्ट आणि पूड मोजायची, मोठ्या टबात दाण्यांवर ओतून दोन्ही हातांनी कोपरापर्यंत कालवायचं, मग जाळी ठोकलेल्या जुन्या खाटांवर सावलीत पसरायचं. आदल्या दिवशीचं वाळलेलं बादलीत भरायचं, बांधावर जायचं, बादलीवर पळीने तीनदा वाजवायचं. मासे पाण्याला उकळी फुटल्यासारखे वर येत. मग परत येऊन दारावर रेघ. एकही दिवस चुकला नाही. ताप आला त्या दिवशीही चुकला नाही.

"अगं, एक दिवस राहिलं तर मासे काय उपोषणाला बसतील?" आई म्हणाली.

"बाबांनी चुकवलं असतं का?"

यावर आई काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

झोपायला थोरली बाहेरच्या खोलीत होती, बाबांच्या खाटेवर. आईची सक्त ताकीद होती. "मसाला कालवणारा माणूस माझ्या खोलीत झोपणार नाही. हा नियम तुझ्यापासूनचा नाही, जुना आहे."

टोपीकाका रोज बांधावरून डोकावत. "काय पोरी, आज फोडणी कसली? मोहरी राहिली वाटतं!"

"काका, तुमच्या माशांनाही देते थोडं. मागून घ्या."

"नको गं बाई. माझे मासे साधे आहेत. एकदा चव लागली की मला ताट-वाटी मांडून बसावं लागेल."

नवव्या आठवड्यात मात्र टोपीकाका डोकावले आणि विनोद करायचा विसरले. थोरली पळीने बादली वाजवत होती. तीनदा वाजवून झालं, चौथ्यांदा वाजवलं. पाण्याला उकळी फुटली नाही. मासे आले, पण यायचं म्हणून आले, कंटाळलेल्या माणसाने सभेला यावं तसे. दाणे तरंगत राहिले.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"तीन-चार दिवस. मला वाटलं, पाणी गार व्हायला लागलंय म्हणून असेल."

"माझ्या तळ्यांचं पाणी पण तेवढंच गार आहे," काका म्हणाले. "माझे खातायत." मग बोललो ते बरं केलं नाही असं वाटून त्यांनी टोपी पुढे ओढली. "डॉक्टरीणबाईंना बोलाव. उशीर नको."

माशांची डॉक्टरीण ही बाई वयाने थोरलीपेक्षा लहान, अंगाने भक्कम, मांडीपर्यंत रबरी बूट आणि हातात पत्र्याची पेटी अशी आली. आल्या आल्या थेट पाण्यात उतरली. जाळं फिरवून तिने पाच मासे काढले, एकेकाचे कल्ले उघडून बघितले, पोटं चाचपली, सुईने थेंबभर रक्त घेऊन काचेवर पसरलं, आणि पेटीतला सूक्ष्मदर्शक खाद्याच्या खोलीतल्या ड्रमवर मांडला. थोरली दाराशी उभी होती. निकालाच्या दिवशी पोरांचे पाय जसे जमिनीला चिकटतात तसे तिचे चिकटले होते.

"रोग नाही," शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाली.

थोरलीचे पाय सुटले, ती आत आली.

"पण बरं काही आहे असंही नाही. ताई, मसाला काय घालता?"

थोरलीने पुठ्ठा दाखवला. डॉक्टरीणबाईने तो खालपर्यंत वाचला आणि मान डोलावली. "उत्तम आहे. तेल, सावली, सगळं. वडिलांना कळत होतं. आणि देता किती दिवसांनी?"

"रोज."

"रोज म्हणजे?"

"रोज म्हणजे रोज. नऊ आठवडे. एकदाही चुकवलेलं नाही," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो तिचा तिलाच ऐकू आला.

डॉक्टरीणबाईने हातमोजे काढले आणि उपड्या बादलीवर बैठक मारली. "असं समजा, तुमच्या दाराची कडी कुणीतरी वाजवतं. तुम्ही धावत जाता. बाहेर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजते. तुम्ही पुन्हा जाता. आठ दिवस जाल, पंधरा दिवस जाल. दोन महिने रोज वाजली तर?"

"मग मी उठणारच नाही."

"आणि त्यानंतर खरंच चोर आला तर?"

थोरलीने टांगलेल्या पुठ्ठ्याकडे बघितलं.

"हे यीस्ट, हा लसूण, ही काही औषधं नव्हेत, ताई. त्यांचं काम कडी वाजवायचं. माशाच्या अंगाला जागं करायचं, की बाबा रे, तयार राहा. मग त्याला जरा विसावा द्यायचा, आणि पुन्हा वाजवायची. तुम्ही विसावाच दिला नाही. मासे थकलेत. लसणाला कंटाळलेत ते वेगळंच."

"पण बाबा रोज द्यायचे." थोरलीने दार वळवून रेघा दाखवल्या. "हे बघा. आठवड्यामागून आठवडे."

डॉक्टरीणबाईने रेघांवरून नजर फिरवली. "तारीख फक्त वरती एकच आहे. बाकी रेघांना तारखा नाहीत."

"नाहीत," थोरली म्हणाली.

"विसावा किती, ते ज्याच्या-त्याच्या पाण्यावर आणि मसाल्यावर असतं. कुणी चार दिवस, कुणी पंधरा. मी अंदाजाने सांगेन, पण थंडी अजून दोन आठवड्यांवर आहे. कमी विसावा दिलात तर मासे दमलेलेच राहतील. जास्त दिलात तर ऐन थंडीत गाफील सापडतील. वडिलांनी वर्षानुवर्षं करून बघून नेमकं काहीतरी ठरवलेलं असणार. ते कुणाला ठाऊक असेल?"

थोरलीला वाटलं, ते ठाऊक असलेला एकच माणूस होता.

बाई गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीवर बसली. आई डाळ निवडत होती. 

"उद्यापासून मसाला बंद, आई. काही दिवस."

आईचा हात थांबला. "बंद?"

"हो. किती दिवस ते कळत नाही."

"मग आधी ते सांगायचं नाही का!" आईने ताट बाजूला सरकवलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि या वयात चढू नये तितक्या चपळाईने त्याच्यावर चढली. खिडकीच्या दांडीवरून तिने पडदा सोडवायला घेतला. "हा धर. पलीकडचा पण. उद्या कडक ऊन आहे म्हणे. गाद्यांचे अभ्रे काढ, उशांचे काढ. आठवडाभरात सगळं उरकायला हवं."

"आई, मी माशांबद्दल बोलतेय. तू पडदे काय काढतेस?"

"मीही माशांबद्दलच बोलतेय. आठवडाच तर असतो हातात. मग पुन्हा आहेच वास."

थोरलीच्या हातात पडदा होता, तो तसाच राहिला. "आठवडाच असतो म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? एक आठवडा वासाचा, एक आठवडा बिनवासाचा. बिनवासाच्या आठवड्यात पडदे, चादरी, अभ्रे. वासाच्या आठवड्यात धुतलं की वाळेपर्यंत पुन्हा जैसे थे. सोळा वर्षं मी याच हिशेबाने कपडे धुतेय. नऊ आठवडे झाले, एक अभ्रा धुवायची सोय नाही, ओरडून ओरडून घसा बसला माझा!"

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस कुठे?" आई स्टुलावरून म्हणाली. "तू दाराला विचारलंस. मला वाटलं, एवढी पुस्तकं वाचलेली मुलगी आहे, काहीतरी नवी पद्धत असेल. आपण मधे कशाला तोंड घाला."

थोरली पडदा घेऊनच खाद्याच्या खोलीकडे धावली. पडद्याची अर्धी लांबी अंगणातून फरफटत गेली, आणि मागून आई ओरडली, "अगं, तो धुवायचाय हे खरं, पण म्हणून आधी मळवायला हवा असं नाही!"

दाराशी उभं राहून तिने मोजलं. मासे सोडल्याच्या तारखेपासून बाबांच्या शेवटच्या सकाळपर्यंत बावीस आठवडे आणि चार दिवस होत होते. दारावर बाबांची पूर्ण जुडगी होती अकरा, आणि खाली सुट्या चार रेघा. तिने बोट ठेवून पुन्हा मोजलं. अकराच. बावीस आठवड्यांच्या अकरा. बाकीचे अकरा आठवडे कुठे गेले, हा प्रश्न शाळकरी मुलीलाही पडला असता. तो तिला पडला नव्हता. छापखान्याची एवढीशी चूक जिच्या नजरेतून निसटत नसे, तिने बापाचे अर्धे दिवस वगळून वाचलं होतं. जे केलं नाही ते बाबा लिहीत नसत, एवढंच. त्या बोटभर जागेत एकेक अख्खा आठवडा होता.

आणि त्याच्याखाली तिच्या रेघा. एकामागून एक, नऊ आठवड्यांच्या, तशाच सातासातांच्या जुडग्यांत. त्यांच्यामधल्या जागेत मात्र एकही दिवस नव्हता.

आई मागून येऊन उभी राहिली होती. धापा टाकत होती.

"मी एकही दिवस चुकवला नाही, आई."

"माहीत आहे." आईने तिच्या हातातला पडदा काढून घेतला, आणि त्यावरची माती झटकली. "रोज वास येत होता की मला."

तो आठवडा थोरलीला फार जड गेला. सकाळी उठली की हात लसणाच्या टोपलीकडे जात. साधं खाद्य बादलीत भरायला पाचच मिनिटं लागत, आणि मग पुढे सबंध सकाळ अंगावर येई. पहिल्या दिवशी ती तीनदा खाद्याच्या खोलीत जाऊन आली. खाटांच्या जाळ्या झाडल्या, पुठ्ठा सरळ केला, वजनकाटा पुसला. चौथ्या खेपेला आईने अंगणातून हाक मारली.

"तिकडे काय शोधतेस? इकडे ये. हे माझ्या एकटीने पिळलं जात नाही."

मोठा पडदा पाण्याने इतका जड झाला होता की दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पीळ द्यायचा. आई पीळ देता देता मागे सरकत गेली, थोरली या टोकाला, आणि मधे पडद्याचा साप झाला. पाणी दोघींच्या पायांवर पडलं.

"बाबा मदत करायचे का यात?" थोरलीने विचारलं.

"करायचे तर. पीळ द्यायला त्यांच्यासारखा माणूस नाही. आणि ह्या आठवड्यात ते झोपायला आतच असायचे ना, म्हणजे सकाळी उठवणं सोपं." आईने आणखी एक वेढा दिला. "वासाच्या आठवड्यात बाहेरची खोली. बिनवासाच्या आठवड्यात..." ती थांबली. सत्तरीकडे झुकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर एवढा रंग चढू शकतो हे थोरलीला माहीत नव्हतं. "घट्ट धर! बघतेस काय माझ्याकडे? पाणी राहिलंय त्यात."

"मी कुठे बघतेय?" थोरली म्हणाली आणि खाली पडद्याकडे बघून हसू लागली. हसता हसता पीळ सुटला, पडद्याचं टोक आईच्या तोंडावर फटकन बसलं, आणि मग दोघीही अंगणात भिजून उभ्या राहून हसत होत्या. बांधावरून टोपीकाकांनी विचारलं, "काय वहिनी, तळ्यात पडलात की काय?"

सहाव्या दिवशी थोरलीने पळीने बादली वाजवली, आणि पाणी उकळलं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा मसाला. या वेळी लसूण सोलताना तिने सात दिवस बोटांवर मोजले. आठव्या दिवशी हात धुतले, आणि त्याच दिवशी थंडी आली. सकाळी तापमापी पाण्यात बुडवली तर पारा बराच खाली उतरलेला.

चारच दिवसांत टोपीकाकांच्या कडेच्या तळ्यात चट्टे दिसले. ते बांधावर आले, पण फोडणीचं नाव काढलं नाही.

"पोरी, तो मसाला... आहे का थोडा?"

थोरलीने डॉक्टरीणबाईला फोन लावून काकांच्या हातात दिला. तिकडून बाईचा आवाज बांधभर ऐकू येत होता. "काका, ज्या तळ्यात चट्टे आहेत त्यात काही उपयोग नाही. आजारी मासा खातच नाही, तर मसाला पोटात जाणार कसा? त्या तळ्याला वेगळा उपाय, मी येते. बाकीच्या तीन तळ्यांना द्या. पण सात दिवस. सातच! नाहीतर तुमच्या शेजारणीसारखं..."

"हो हो, कळलं," काका घाईने म्हणाले आणि फोन परत दिला. थोरलीने ऐकलंच नाही असा चेहरा केला.

मग तीन आठवडे ती सकाळ-संध्याकाळ बांधावर फिरत राहिली, डोळ्यांत तेल घालून. सहाव्या दिवशी मोठ्या तळ्यात कडेला एक मासा संथ तरंगताना दिसला, कुशीवर लाल ठिपका. तिने जाळीने तो काढून वेगळ्या टाकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन. त्याच्या पुढच्या दिवशी तीन. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. आई समोर बसून एकेक घास मोजत होती, आणि अटीबद्दल चकार शब्द काढत नव्हती, हे तर जास्तच वाईट.

"सहा झाले," थोरली म्हणाली.

"मोजू नकोस. जेव."

त्यानंतरच्या दिवशी एकही नाही. त्याच्याही पुढच्या दिवशी एकही नाही. टाकीतल्या सहांपैकी दोन गेले, चौघांचे ठिपके हळूहळू विरले. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डॉक्टरीणबाई पुन्हा पाण्यात उतरली. दोन्ही तळ्यांतून वीस मासे काढले. एका माशाने शेपटीचा असा तडाखा दिला की बाईच्या बुटात पाणी शिरलं, आणि ती खूश होऊन ओरडली, "हे बघा! हा थकलेला वाटतो का?" काचेवरचं रक्त बघून झाल्यावर तिने सूक्ष्मदर्शक मिटला. "पार झाले, ताई. पाणी आता आणखी गार होणार नाही."

टोपीकाकांचं कडेचं तळं निम्मं गेलं होतं. बाकीची तीन वाचली होती. मसाल्याने की नशिबाने, यावर ते आता वाद घालत नव्हते. लसूण मात्र तराजूत तोलून घेत होते. थंडी ओसरली तशी एका सकाळी ते दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली.

"वहिनी, मुलाचा तुमच्या मला फोन आला होता. तळ्यांचं काय ठरलं म्हणून विचारत होता. मी म्हटलं, आधी वहिनींना विचारतो. मला हाव नाही हं. मनात असलं तर हो म्हणा, नसलं तर..."

"आधी ती टोपी घाला," आई म्हणाली. "कोण बोलतंय तेच कळत नाही."

काकांनी घाईने टोपी घातली.

थोरली मेजावर मुद्रितं पसरून बसली होती. तिने पेन खाली ठेवलं. अट तिला पाठ होती, मासेही पाण्यात धडधाकट पोहत होते, तरी ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

आईने खिडकीकडे बघितलं. पडदे स्वच्छ होते. "तळी द्यायची," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे मला माझं पडद्यांचं वेळापत्रक बदलावं लागेल. ह्या वयात मी ते बदलणार नाही. सांगा त्याला."

"म्हणजे तळी..."

"म्हणजे चहा घ्या आणि आपल्या तळ्यांकडे जा. तुमचा आज कितवा दिवस मसाल्याचा?"

"पाचवा."

"मग लांब बसा जरा. ह्या घरात आज बिनवासाचा आठवडा आहे."

काका हसत पायरीवरच बसले. थोरली उठली, काही बोलावं असं तिच्या मनात होतं, पण आईने तिच्याकडे बघितलंच नाही, चहाचं आधण ठेवता ठेवता पाठमोरीच म्हणाली, "तुझी गादी आत आणून टाक. बाहेर गारठा असतो. खिडकीकडची बाजू माझी, तेवढं लक्षात ठेव."

दुपारी थोरली खाद्याच्या खोलीत गेली. दारावर काल संपलेल्या जुडग्याच्या सात रेघा होत्या. त्यांच्यापुढे तिने बोट टेकवून एक बोटभर जागा मोजली, ती कोरीच ठेवली, आणि खडूचा तुकडा बिजागरीशी परत ठेवून गादी आणायला गेली.